आयएनआरचा आकडा कोण बघणार?

२०१८ साली इटलीतली एक औषधचाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, डॉक्टरांच्या बोलीत एपीएस, या रक्तात गुठळ्या करणाऱ्या आजाराचे १२० रुग्ण तीत होते. तेही सगळ्यात जोखमीचे, म्हणजे या आजाराच्या तिन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह आलेले. निम्म्यांना वॉरफरिन दिलं, निम्म्यांना रिव्हारोक्सबॅन. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध माणसांसाठी वापरात आलं १९५४ साली; त्याचा डोस आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या आकड्यावर ठरतो. रिव्हारोक्सबॅन या शतकातलं. दिवसाला एक ठरलेली गोळी आणि रक्त तपासायची कटकट नाही. नव्या गोळीवरच्या ५९ जणांपैकी चौघांना मेंदूचा झटका आला, तिघांना हार्ट अटॅक. जुन्या गोळीवरच्या ६१ जणांत गुठळी एकालाही झाली नाही. ज्या मोठ्या रक्तस्रावाच्या भीतीने वॉरफरिन बदललं जातं, तोही नव्या गोळीवर चौघांना झाला आणि जुन्या गोळीवर दोघांना. पुढे २०२२ मध्ये अपिक्सबॅन या तशाच नव्या औषधाच्या अमेरिकेतल्या छोट्या चाचणीचे निकाल आले. तिथेही नव्या औषधावरच्या २३ पैकी सहा जणांना स्ट्रोक, वॉरफरिनवरच्या २५ पैकी एकालाही नाही.

ही दोन्ही नवी औषधं वाईट नाहीत. हृदयाची लय बिघडलेल्यांना, पायाच्या शिरेत साधी गुठळी झालेल्यांना ती उत्तम लागू पडतात आणि तिथे त्यांनी वॉरफरिनला मागे टाकलंय हेही खरं. पण एपीएसमध्ये, त्यातही तिहेरी पॉझिटिव्ह रुग्णांत, ती देऊ नयेत असं युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्येच सांगून टाकलं. तरीही आपल्याकडे एपीएसच्या बाईला 'आता नवीन गोळी आलीय, ही जुनी बंद करा' असं सांगणारे भेटतात. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. बाई चाळीस किलोमीटरवरून येते, तिच्या गावात रक्त तपासायची सोय नाही, दर पंधरा दिवसांनी तिला एसटीत कोण बसवणार? म्हणून औषध बदललं जातं. गैरसोय तपासणीची असते आणि बळी औषधाचा जातो.

या आजारावरच्या येऊ घातलेल्या उपचारांबद्दल सध्या बरंच छापून येतंय. त्यातलं बरंचसं आशादायक आहे आणि ते मी खाली मांडणार आहे. पण महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पहिला सार्वजनिक प्रश्न नव्या औषधाचा नाही. सत्तर वर्षं जुन्या औषधाचं मोजमाप तालुक्यापर्यंत पोचवण्याचा आहे. शिवाय हे मोजमाप उभं राहिल्याशिवाय नवी औषधं इथे तपासताही येणार नाहीत, हा भाग तर कुणी बोलतच नाही.

आधी आजार समजून घेऊ. शरीराची संरक्षण यंत्रणा परक्या जंतूंवर सोडायच्या अँटीबॉडी आपल्याच रक्तातल्या आणि पेशींच्या आवरणावरच्या काही घटकांवर सोडते. मग शिरांत, धमन्यांत गुठळ्या होतात. पाय सुजतो, फुप्फुसात गुठळी जाते, पस्तिशीतल्या माणसाचं तोंड वाकडं होतं. गरोदर बाईच्या वारेत घोटाळा होतो आणि गर्भ टिकत नाही. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या सुट्या सुट्या गोष्टी एकाच आजाराच्या आहेत हे मांडलं. गंमत अशी की यातली एक अँटीबॉडी काचेच्या नळीत रक्त गोठायला उशीर लावते. कागदावर वाटतं, या माणसाचं रक्त पातळ आहे. शरीरात मात्र नेमकं उलटं चाललेलं असतं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत असा रिपोर्ट पाहून रुग्णाला रक्तस्रावाचा धोका आहे, असा उलटा अर्थ लावला गेल्याचं मी प्रयोगशाळेतल्या माझ्या नोकरीत पाहिलंय.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. गरोदर बाईच्या कार्डावर व्हीडीआरएलचा एक रकाना असतो. ही सिफिलिसची तपासणी. तिच्यात वापरलं जाणारं कार्डिओलिपिन परंपरेने बैलाच्या हृदयातून काढलेलं असतं आणि एपीएसच्या अँटीबॉडी या कार्डिओलिपिनलाही चिकटतात. म्हणजे ज्या बाईला गुप्तरोग नाही, तिच्याही कार्डावर तो पॉझिटिव्ह उमटू शकतो. सिफिलिसची खात्री करणारी पुढची टीपीएचए तपासणी केली की खुलासा होतो. ती केली नाही, तर घरात काय होतं ते मी सांगायला नको. आधी दोन गर्भ गेलेले, त्यात हा शिक्का. एखाद्या परिचारिकेने 'व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह, पूर्वी गर्भ गेलेले' एवढं एका ओळीत वाचून डॉक्टरला हटकलं, तर आजार तिथेच पकडला जाईल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.

हा आजार फार दुर्मीळ आहे असंही नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत झालेल्या अभ्यासात लाखामागे सुमारे ५० रुग्ण सापडले. तेच प्रमाण २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला लावलं तर ५६ हजार होतात. तिथलं प्रमाण इथे तंतोतंत बसेल असं नाही, पण अंदाजाला पुरेसं आहे.

आता गर्भ टिकण्याचं. ज्या उपचाराने सगळ्यात जास्त घरांत पाळणा हलला, तोही जुनाच आहे: ॲस्पिरिनची छोटी गोळी आणि पोटावर टोचायचं हेपॅरिन. वॉरफरिन गर्भापर्यंत पोचतं आणि व्यंग निर्माण करू शकतं, हेपॅरिन वार ओलांडत नाही, म्हणून गरोदरपणात हेपॅरिन. १९९७ मध्ये लंडनच्या एका चाचणीत, वारंवार गर्भ गेलेल्या आणि या अँटीबॉडी असलेल्या ९० बायकांपैकी निम्म्यांना नुसतं ॲस्पिरिन दिलं, निम्म्यांना दोन्ही. जिवंत बाळ हाती येण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं. एवढा फरक एका उपचाराने पडणं प्रसूतिशास्त्रात विरळाच.

पण याच यशाची दुसरी बाजू शहरांतल्या वंध्यत्वाच्या दवाखान्यांत दिसते. तिथे ही पोटावरची इंजेक्शनं सरसकट दिली जातात. 'रक्त घट्ट आहे' एवढं सांगितलं की नवरा मेडिकलमध्ये उभा राहतो, नऊ महिने. रक्त गोठण्याचे काही दोष आनुवंशिक असतात; त्यांच्यासाठीही हेपॅरिन चालेल असं बरीच वर्षं गृहीत होतं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीने ते निकालात काढलं. असे दोष असलेल्या बायकांत हेपॅरिन घेतलेल्या ७२ टक्के, न घेतलेल्या ७१ टक्के बायकांना बाळ झालं. म्हणजे एपीएसमध्ये जे औषध आयुष्य बदलतं, तेच शेजारच्या निदानात नुसता खर्च आणि पोटभर निळे डाग. दोन्हींतला फरक करते ती तपासणी. तीही एकदा नाही, बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा, कारण तापाच्या साथीनंतरही या अँटीबॉडी काही काळ दिसून नाहीशा होतात. एका रिपोर्टवर जन्मभराचं लेबल लावणं चूक, आणि एकही रिपोर्ट न काढता इंजेक्शन सुरू करणं त्याहून चूक. गरीब बाईला तपासणी मिळत नाही म्हणून औषध मिळत नाही, पैसेवाल्या बाईला तपासणीशिवायच औषध मिळतं, असा आपला न्याय.

ज्यांना गुठळी होऊन गेली आहे त्यांचा रस्ता मात्र जन्मभराचा. वॉरफरिन, किंवा आपल्याकडे जास्त चालणारं त्याचं भावंड असेनोकूमॅरॉल, आणि सोबत आयएनआर. निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास. यांचा सहसा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. दोनच्या खाली गेला की गुठळीचं भय, चारच्या वर गेला की रक्तस्रावाचं. हा आकडा भाजीनेही हलतो. पौषात मेथी, पालक, चाकवत रोज ताटात आले की त्यांतल्या के जीवनसत्त्वाने तो खाली घसरतो. श्रावणात उपासांची रांग लागली, जेवण कमी झालं की वर चढतो. तापासाठी प्रतिजैविक घेतलं तरी हलतो. गुडघा दुखतो म्हणून किराणा दुकानातून आणलेली गोळी घेतली, तर आकडा न हलताही पोटात रक्त जाऊ शकतं. पालेभाजी सोडायची नसते, रोज सारखीच खायची असते, हे सांगायला डॉक्टरला वेळ नसतो. मग बाई भाजीच सोडते आणि वर्षभरात हातपाय गळाल्यासारखी होते.

बरं, आकडा काढणं सोपं का? निळ्या टोपणाची नळी असते, तिच्यात सायट्रेट. रक्त खुणेपर्यंतच भरायचं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. शीर सापडत नाही म्हणून नळी अर्धीच भरली की आयएनआर खोटा वाढलेला येतो आणि फोनवरून सल्ला जातो, गोळी कमी करा. तपासणीच्या प्रत्येक किटच्या डब्यावर त्या रसायनाची संवेदनशीलता सांगणारा आयएसआय नावाचा एक आकडा (दर्जाचा शिक्का नव्हे) छापलेला असतो. नवा डबा उघडला की तो यंत्रात बदलायचा. तो बदलायचा राहिल्याने आठवडाभराचे सगळे रिपोर्ट चुकलेले मी पाहिले आहेत. कुणाचंच लक्ष गेलं नाही, कारण प्रत्येक रुग्ण एकटा येतो आणि एकटा जातो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले वेगवेगळ्या लॅबचे कागद, त्यांवर तारखांचा मेळ नाही, हाच त्याचा इतिहास. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी वेगळे दवाखाने आहेत. ते बहुतेक परिचारिका आणि फार्मासिस्ट चालवतात, आणि रुग्णाच्या हातात एक पिवळी वही असते: तारीख, आकडा, डोस, पुढची तारीख.

महाराष्ट्र शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिने लाखो कुटुंबांना आधार दिला आहे, त्यात शंका नाही. पण ती मुळात रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांची योजना आहे. म्हणजे एपीएसच्या रुग्णाला झटका आला तर अतिदक्षता विभागाचा खर्च सरकार उचलू शकतं, आणि तो झटका टाळणारी दोन-चारशे रुपयांची तपासणी त्याने बुडालेल्या मजुरीतून करायची. हिशेबाच्या दृष्टीनेही हा शहाणपणा नाही. वॉरफरिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, गोळी कवडीमोलाची आहे. यादीत औषध ठेवायचं आणि त्याचं माप वाऱ्यावर सोडायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. 'म्हणजे श्रीमंत देशांनी पेशींवरचे उपचार करायचे आणि आपण उंदीर मारायच्या औषधावर समाधान मानायचं?' वॉरफरिन खरोखरच आधी, १९४८ पासून, उंदरांसाठी विकलं गेलं, हे खरं. आणि समाधान मानू नये हेही खरं. वॉरफरिन गुठळी थोपवतं, आजाराला हात लावत नाही. अँटीबॉडी तशाच राहतात. नेटाने आयएनआर सांभाळूनही काहींना पुन्हा गुठळी होते. रुग्णांतल्या साधारण एक टक्क्यात आजार एकदम भडकतो, काही दिवसांत मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू एकामागून एक बंद पडू लागतात. तेव्हा हेपॅरिन, स्टिरॉइड आणि प्लाझ्मा बदलणं एकत्र करूनही बरेच रुग्ण हाती लागत नाहीत. त्यांच्यापैकी काहींना एकुलिझुमॅबने वाचवल्याच्या नोंदी आहेत. हे औषध संरक्षण यंत्रणेचाच भाग असलेल्या, रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या साखळीला अडवतं. ते जगातल्या सगळ्यात महागड्या औषधांत मोडतं, म्हणून आपल्याकडे त्याची चर्चा बहुतेक वेळा तिथेच संपते.

गरोदरपणासाठी सर्टोलिझुमॅब पुढे आलं आहे. संधिवातातलं हे औषध, त्याची घडण अशी की ते वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. अमेरिका आणि कॅनडात ५१ बायकांना ते हेपॅरिन-ॲस्पिरिनच्या जोडीला दिलं. गर्भ जाणं किंवा वार निकामी होऊन फार लवकर बाळंत करावं लागणं, असे गंभीर प्रकार आधीच्या अनुभवावरून ४० टक्क्यांत अपेक्षित होते, ते सुमारे २० टक्क्यांवर आले. माझ्या मते सगळ्या नव्या गोष्टींत ही सगळ्यात दमदार. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही.

अँटीबॉडीच्या कारखान्यावरच घाव घालायचे प्रयत्नही चालू आहेत. रिटुक्सिमॅब या औषधाने बी पेशी, म्हणजे ज्यांच्यातून अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या, मारून पाहिल्या. अँटीबॉडींची पातळी फारशी हलली नाही, काही लक्षणं मात्र सुधारली. मायलोमा या कर्करोगातलं डाराटुमुमॅब अँटीबॉडी प्रत्यक्ष बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर जातं, त्याची एपीएसमध्ये प्राथमिक चाचणी अमेरिकेत सुरू झाली. आणि मग कार-टी. जर्मनीत एर्लांगेनला गेऑर्ग शेट यांच्या गटाने ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराच्या, म्हणजे संरक्षण यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटलेल्या, रुग्णांच्या स्वतःच्याच संरक्षक टी पेशी बाहेर काढून, बी पेशी मारायला शिकवून, परत सोडल्या. २०२२ मध्ये पहिल्या पाच रुग्णांचे निकाल आले आणि पाचही जणांची औषधं बंद झाली होती. ल्युपस आणि एपीएस पुष्कळदा एकाच अंगात नांदतात, म्हणून इकडेही आशा वाढली.

इथे मुंबईचा संबंध थेट येतो. देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ला राष्ट्रपतींनी पवईत तिचं लोकार्पण केलं. ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, एपीएससाठी नाही. परदेशी किमतीच्या दहाव्या हिश्शात आणली तरी ती तीस लाखांच्या घरात जाते. तरीही ज्या शहरात हे जमलं, तिथे उद्या स्वयंप्रतिकार आजारांवर तिचा विचार होणं अगदी शक्य आहे, आणि व्हावा.

पण चाचणीत घ्यायचं कुणाला? ज्याचं निदान दोनदा तपासून पक्कं झालंय, ज्याचा आयएनआर वर्षभर नीट ठेवूनही गुठळी झाली आहे, अशा रुग्णाला. असा रुग्ण आपल्याकडे कागदोपत्री सापडणं कठीण. गुठळी वॉरफरिनने दगा दिल्यामुळे झाली की आयएनआर १.४ असताना तीन महिने कुणी पाहिलंच नाही म्हणून झाली, हे सांगता येत नसेल तर त्याला तीस लाखांचा उपचार द्यायचा कशाच्या आधारावर? इटलीतल्या चाचणीत वॉरफरिन जिंकलं ते तिथल्या रुग्णांचा आयएनआर मोजला जात होता म्हणून. न मोजलेलं वॉरफरिन कुठल्याही नव्या औषधासमोर हरेल, आणि आपण त्यातून चुकीचा धडा घेऊ.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा दवाखाना, परिचारिकेच्या हाती, वहीसकट. ग्रामीण रुग्णालयात बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारं छोटं यंत्र. एपीएसच्या काही रुग्णांत हे यंत्र फसतं, आकडा वाढवून दाखवतं, विशेषतः चारच्या पुढे. म्हणून सुरुवातीला आणि अधूनमधून शिरेतल्या रक्ताशी ताळा घ्यावा लागेल. हृदयाची झडप बदललेले, लय बिघडलेले रुग्णही याच रांगेत उभे राहतील, तेव्हा हा खर्च फक्त एपीएसच्या नावावर पडत नाही. अँटीबॉडीच्या तिन्ही तपासण्या तालुक्यात करायचा अट्टहास नको. त्यांतली एक फार नाजूक असते: रक्त यंत्रात दोनदा गरगर फिरवून पेशी काढून टाकायच्या, गोठवून पाठवायचं, आणि रुग्ण नव्या गोळ्यांवर असेल तर निकाल बिघडतो. ती वैद्यकीय महाविद्यालयांतच व्हावी. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. राज्यभरच्या प्रयोगशाळांची तपासणी बरोबर येते का हे पडताळायला तिच्याहून योग्य जागा कोणती?

आणि एक चाचणी तर आपणच करायला हवी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मार्च २०२०मध्ये भारताने ज्याची निर्यात रोखली आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जे मागून घेतलं, तेच. कोरोनावर ते निरुपयोगी ठरलं, आणि त्या गदारोळात ल्युपसच्या बायका औषधासाठी दुकानं धुंडाळत होत्या. एपीएसमध्ये ते गुठळ्या आणि गर्भाची हानी कमी करत असावं असं लहान अभ्यासांवरून वाटतं, मोठा पक्का पुरावा अजून नाही. गोळी स्वस्त, आपल्याच कारखान्यांत बनते, गरोदरपणात चालते. पेटंट कधीच संपलेलं, त्यामुळे कुठलीही कंपनी तिच्यावर मोठी चाचणी करायला पैसे घालणार नाही. हे काम सार्वजनिक पैशाचंच आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयांत मिळून रुग्ण पुरेसे निघतील. फक्त दोन्ही गटांतल्या प्रत्येक रुग्णाचा आयएनआर दर महिन्याला, तो राहतो त्याच तालुक्यात, मोजून मिळाला पाहिजे.